दोरावरचं वजन

खाणीत सगळे तिला वहिनी म्हणत. तिचा नवरा तिच्या आधी इथे लागला होता. तो फोरमन, सगळ्यांचा दादा. त्यामुळे ती कामावर आली त्याच दिवशी वहिनी झाली, आणि पुढे मॅनेजरसाहेबसुद्धा तिला तशीच हाक मारू लागले. काम तिचं मापांचं होतं. कुठे किती दाब, कुठे किती ताण, कुठे किती वायू, हे सांगणारी यंत्रं नीट ठेवायची आणि ती खोटं बोलायला लागली की त्यांना वठणीवर आणायचं.

माणसांना खाली-वर नेणारा लोखंडी पिंजरा म्हणजे पाळणा. एका जाड दोराला तो टांगलेला असे, आणि त्याचे लोखंडी बूट भिंतीलगतच्या उभ्या पट्ट्यांना धरून सरकत. दोर वरच्या मोठ्या चाकावरून येऊन यंत्राच्या खोलीतल्या ढोलावर गुंडाळला जाई, आणि तो ढोल चालवायचे मामा. खरं तर ते कोणाचेच मामा नव्हते, पण नव्या माणसाला ते नेहमी सांगत, "पाळण्यात पहिल्या दिवशी रडू येतं, दुसऱ्या दिवसापासून झोप येते. जन्मल्यावर आलं होतं तसंच."

मामांच्या शेजारी काचेच्या आडोशामागे एक संगणक होता. दोरावर किती वजन आहे ते तो सांगायचा. वरच्या चाकाखाली ताण मोजणारा एक काटा बसवला होता, त्याची वायर संगणकातल्या एका कार्डात येई आणि पडद्यावर आकडा उमटे. संगणक इतका जुना होता की त्याचे सुटे भाग भंगारातही सापडत नसत. ज्यांनी तो बसवला ती कंपनी केव्हाच बंद पडली होती. बदलायला हवा, असं दर बैठकीत ठरे आणि पुढच्या बैठकीत पुन्हा ठरे.

त्या दिवशी दुपारची पाळी खाली निघाली होती. नवरा त्याच पाळण्यात होता. जाताना त्याने काचेवर बोटाने टकटक केली, तिने मान न वळवताच हात हलवला. पाळणा मध्यावर पोचला असेल, तेवढ्यात दिवे गेले.

वीज गेली की ब्रेक आपोआप लागतो. तसा तो लागलाही, पण घट्ट बसायच्या आधी ढोल थोडा घसरला. खालून घणाचा घाव बसावा तसा आवाज आला. मग दिवे परत आले. मामांचा हात ढोलाच्या दांड्यावरच होता, पण चेहरा पांढराफटक पडला होता.

"काहीतरी लागलं खाली," ते म्हणाले. "दोर हलका झाला."

वहिनीने पाळण्याशी जोडलेला फोन उचलला. मुका. तिने संगणकाकडे पाहिलं. काळा पडदा, आणि संगणकाच्या पेटीतून घड्याळासारखी टिकटिक. डिस्क गेली होती. वजन दाखवणारा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर होता.

मॅनेजर धावत आले. मामांनी त्यांना थोडक्यात सांगितलं. "पाळणा दोराला नीट लटकत असेल तर मी त्याला अलगद वर घेतो. पण तो मध्येच कुठे अडकून बसला असेल आणि वर दोर सैल पडला असेल, तर गोष्ट वेगळी. तो सुटला की सैल दोराएवढा खाली कोसळेल आणि झटक्याने दोर तुटेल. आंधळेपणाने ओढलं तरी तुटेल. मला दोरावरचं वजन कळल्याशिवाय मी दांड्याला हात लावणार नाही."

"बचाव पथकाला फोन केलाय," मॅनेजर म्हणाले. "पण त्यांना यायला संध्याकाळ होईल."

तेवढ्यात खाणीच्या तोंडावरचा फाटकवाला आत आला. खालून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतोय, म्हणाला. मध्येच थांबतो, मग पुन्हा येतो. पाळणा तसूतसूने सरकत होता. संध्याकाळपर्यंत तो वाट बघणार नव्हता.

वहिनी खुर्चीवर बसली. "कार्ड जिवंत असेल," ती म्हणाली. "मेलीय ती डिस्क. कार्डाला सरळ विचारता येईल."

दुरुस्तीसाठी ठेवलेली एक फ्लॉपी खणात होती. तिच्यावर संगणक कसाबसा उभा राहिला. त्या फ्लॉपीवर एक छोटं साधन होतं, ज्यात असेंब्ली या यंत्राच्या भाषेतल्या सूचना एकेक करून थेट टाइप करता येत. ना मेनू, ना चित्रं, नुसती एक आडवी रेघ लुकलुकत असलेली. कार्डाचा एक पत्ता असतो, त्याला पोर्ट म्हणतात. तो पत्ता संगणकाच्या डीएक्स नावाच्या कप्प्यात ठेवायचा आणि इन एएल, डीएक्स अशी सूचना द्यायची. त्या दारात त्या क्षणी जे काही असेल ते एएल या दुसऱ्या कप्प्यात येऊन पडतं. बाकी कोणी मध्ये नसतं.

तिने पेटी उघडून मोबाइलच्या उजेडात कार्डावरचे बारके स्विच पाहिले, पत्ता काढला आणि वाचलं.

एफएफ.

पुन्हा वाचलं. शेजारचा पत्ता वाचला. एफएफ, एफएफ. सगळे बिट एक. ज्या पत्त्यावर कोणी राहतच नाही तिथून असंच उत्तर येतं. म्हणजे कार्डही गेलं होतं.

मामा बघत होते, म्हणून तिने नजर पडद्यावरच ठेवली.

याच वेळी तिच्या सासूबाई आत आल्या. त्या खाणीच्या वसाहतीतच राहायच्या, बातमी पोचायला वेळ लागला नव्हता. त्यांना कोणी अडवलं नाही.

"माझा लेक कुठंय?"

"पाळण्यात," वहिनी म्हणाली.

"मग तू इथे टाइप काय करत बसलीयेस?"

मॅनेजरनी त्यांना हाताला धरून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. वहिनीने पुन्हा पेटीत डोकं घातलं आणि स्विच पुन्हा पाहिले, आणि स्वतःला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली. या कार्डावर स्विच वर केला म्हणजे शून्य. घाईत तिने सगळं उलटं वाचलं होतं. ती भलत्याच रिकाम्या घराच्या दारावर धक्के मारत बसली होती.

नव्या पत्त्यावरून उत्तर आलं. तिच्या तोंडून हुंदक्यासारखा आवाज निघाला.

आकडा दोन तुकड्यांत यायचा, कारण एका वेळी एका पोर्टातून तो सगळा मावत नसे. आधी मोठा तुकडा, मग छोटा. मागच्याच आठवड्यात तिने वजनं टांगून काटा तपासला होता, त्यामुळे आकडे डोक्यात ताजे होते. नुसता दोर लटकत असला तर अडीचशेच्या आसपास. भरलेला पाळणा असला तर नऊशे. तिने दोन्ही तुकडे वाचून जोडले. दोनशे छप्पन.

"नुसता दोर," ती म्हणाली. "पाळणा दोरावर नाहीच. पूर्ण सैल आहे."

मामांनी मान हलवली. "नाही गं. हाताला थोडं वजन लागतंय मला."

"पुन्हा बघा," मॅनेजर म्हणाले.

तिने पुन्हा वाचलं. सातशे सदुसष्ट. तिसऱ्यांदा पाचशे अकरा. मग पुन्हा दोनशे छप्पन.

"हे काय चाललंय?" मॅनेजरांचा आवाज चढला. "सैल आहे की ताणलाय? मी कशावर विश्वास ठेवू?"

खालून पुन्हा लोखंड घासल्याचा आवाज आला, या वेळी लांबलचक. सासूबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

वहिनी पडद्याकडे बघत राहिली. दोर खरंच एवढा उड्या मारत असता तर वरचं चाक खडखडलं असतं, आणि ते तर गप्प होतं. म्हणजे दोर नाही, वाचणं चुकत होतं. गाडीचा मीटर एकशे नव्व्याण्णववरून दोनशेवर जाताना कोणी शेकड्याचा आकडा उलटायच्या आधी पाहिला आणि उरलेले दोन उलटल्यावर पाहिले, तर त्याला शंभर दिसेल. कधी नव्हतेच ते शंभर. कार्ड सतत नवा आकडा घालत होतं, आणि ती पहिला तुकडा हाताने वाचून दुसऱ्यापर्यंत पोचेतो पहिला शिळा होत होता. दोन वेगवेगळ्या क्षणांची डोकी-धडं ती एकमेकांना चिकटवत होती.

"एका दमात वाचायला हवं," ती म्हणाली. "हाताने जमणार नाही. लूप लिहिते."

"किती वेळ?"

"विचारू नका."

आकडा तयार झाला की कार्ड एका तिसऱ्या पोर्टातला एक बिट बदलतं. तो बदलेपर्यंत थांबायचं, संगणकाला मध्ये कोणाचंही ऐकू नकोस म्हणून सांगायचं, आणि दोन्ही तुकडे पाठोपाठ उचलायचे. मग ते पडद्यावर छापायचे आणि परत वर उडी मारून तेच पुन्हा करायचं. उडी कुठे मारायची तो पत्ता तिलाच मोजून लिहावा लागत होता, कारण या साधनात खुणेला नाव देता येत नसे. तिने लिहिलं, मोजलं, चालवलं.

पडदा गोठला. कळ दाबली तरी काही हलेना.

तयार म्हणजे शून्य की तयार म्हणजे एक? तिने उलटं धरलं होतं, आणि संगणक आता कधीच न येणाऱ्या बिटाची वाट बघत बसला होता. बंद करून पुन्हा चालू करावा लागला. लिहिलेलं सगळं पुसलं गेलं. फ्लॉपी गुरगुरत राहिली. वहिनी त्या गुरगुरण्याला "चल ना बाई, चल ना" म्हणत होती. आपण मोठ्याने बोलतोय हे तिच्या लक्षात नव्हतं.

दुसऱ्यांदा लिहिताना तिने प्रत्येक ओळ पुटपुटत लिहिली. चालवलं.

पाचशे बारा. पाचशे अकरा. पाचशे बारा. पाचशे बारा.

आकडा स्थिर होता. तो नेमका पलटायच्या सीमेवर बसला होता, म्हणूनच मघाचा सगळा गोंधळ.

"थोडं वजन दोरावर आहे, बाकीचं भिंतीवर," ती म्हणाली. "पाळणा वाकडा होऊन अडकलाय. मामा, तुमचा हात बरोबर होता."

"हातावर चौदा माणसं नाही ओढता येत. तू आकडा बोल, मी ओढतो."

मॅनेजर म्हणाले, "बाराशेच्या पुढे नाही. तिथे दोराची हद्द संपते."

मामांनी दांडा केसभर हलवला. वहिनी वाचत गेली. सहाशे. सातशे. आठशे. नऊशेला पाळणा सुटायला हवा होता, तो सुटला नाही. हजार. मामांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, त्यांनी तो पुसला नाही. अकराशे. अकराशे साठ.

"थांबा!"

मामा थांबले.

"खाली सोडा थोडं. हजारापर्यंत. हां. आता परत वर." रुतलेलं चाक मागेपुढे करून काढतात तसं त्यांनी ते करायला घेतलं. वर, खाली, वर. दर खेपेला तिला वाटे, आता आपण 'थांबा' म्हणायला अर्धा क्षण उशीर करणार. दर खेपेला तिला नवऱ्याची मान दिसे, मागून, कॉलरच्या वरची. असं का दिसत होतं तिलाच कळत नव्हतं.

मग आकडा एकदम कोसळला. तीनशे. नऊशे ऐंशी. सहाशे. ढोल कण्हला, मामा दांड्याला लटकले. आठशे, नऊशे पन्नास, आठशे सत्तर. हेलकावे लहान होत गेले.

"सुटला!" मॅनेजर ओरडले. "लटकतोय ना? लटकतोय ना, वहिनी?"

"लटकतोय," ती म्हणाली.

आकडा आठशे त्र्याण्णववर येऊन थांबला होता.

तिने नऊशेची वाट पाहिली. हेलकावा असेल. दोनदा, तीनदा, चारदा आठशे त्र्याण्णव. गेल्या आठवड्यात तपासलं तेव्हा एका माणसाला सात अंक पडत होते. पाळणा निघाला तेव्हाचं वजन तिने पडद्यावर स्वतः पाहिलं होतं, बरोबर नऊशे.

पाळण्यात एक माणूस कमी होता.

अवजारांची पेटी पडली असेल, तिने स्वतःला समजावलं. डबे, पाण्याचे कॅन, काहीही. पण पेटी एवढी जड नसते, आणि हे तिच्यापेक्षा चांगलं कोणाला ठाऊक असणार?

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं. त्या पडद्याकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"काही नाही."

"वर घेऊ?" मामांनी विचारलं.

ती थांबा म्हणू शकत होती. मग त्या वाकड्या पट्ट्यांपाशी पाळणा उभा राहिला असता, कदाचित पुन्हा अडकला असता. आत उरलेली तेरा माणसं होती. बाहेर असलेला एक जण कोण, आणि तो अजून आहे का, हे तिला माहीत नव्हतं.

"घ्या," ती म्हणाली, आणि पाळणा तोंडाशी येईपर्यंत आकडे वाचत राहिली. आवाज एकदाही फुटू दिला नाही.

फाटक उघडलं. माणसं बाहेर आली, कोणी रडत, कोणी जमिनीवर बसत. ती दाराशी उभी राहून एकेक चेहरा बघत होती. शेवटी नवा वेल्डर आला, आणि तिला बघताच त्याने मान खाली घातली.

"वहिनी, दादा छपरातून वर चढला होता. पाळण्याचा बूट पट्टीत रुतला होता. पहार घेऊन तो बाजूच्या तुळईवर उतरला, आम्ही नको म्हणालो. तेवढ्यात वरून ओढणं सुरू झालं. पाळणा एकदम सुटला तसा त्याचा दिवा विझला. हाका मारल्या आम्ही. लोखंडाच्या घासण्यात उत्तर ऐकू नाही आलं."

सासूबाईंच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला आणि त्या जिथे उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या.

वेल्डर आणि आणखी एक जण परत पाळण्यात जाऊन उभे राहिले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मॅनेजरनी त्या दोघांकडे पाहिलं. मग म्हणाले, "नियम म्हणतो, पथक येईपर्यंत थांबा. मामा, तुम्ही हळू न्या."

वहिनी परत खुर्चीवर जाऊन बसली. दुसऱ्या कोणाला ते आकडे वाचता येत नव्हते, आणि येत असते तरी ती उठली नसती.

पाळणा गोगलगायीसारखा उतरला. त्या जागेच्या जरा वर मामांनी तो थांबवला. आता फोन नव्हता, खूण नव्हती, फक्त पडद्यावरचा आकडा. तो सातने उतरला. एक जण तुळईवर गेला. थोड्या वेळाने पुन्हा सातने उतरला. दोघेही बाहेर. याचा अर्थ त्यांना उचलायला काहीतरी सापडलं होतं.

मग काहीच नाही. तोच आकडा, तोच आकडा. मामांनी विचारलं, "काय म्हणतोय?" पडद्यावर ओळी वर सरकत होत्या, एकसारख्या, एखाद्या वेड्याने एकच शब्द लिहीत बसावं तशा.

सातने चढला. एक जण परत आला.

आणि मग एकदम चौदाने.

"तिघे आहेत पाळण्यात," ती म्हणाली.

"आहे का गं? आहे का तो?" सासूबाईंनी तिचा खांदा धरला.

"आहे, आई. पाळण्यात आहे."

यापुढचं तिला सांगता येत नव्हतं. जिवंत माणूस आणि मेलेला माणूस, दोराला दोन्ही सारखेच जड. तिने तो लूप इतक्या काळजीने लिहिला होता, त्यातून एकही आकडा आता खोटा येत नव्हता, आणि तिला हवं होतं ते त्या पोर्टात कुठेच नव्हतं.

"वर घ्या, मामा."

वर येईस्तोवर ती पडद्याकडे बघत होती. फाटक उघडल्याचा आवाज आला तरी तिला उठवेना. मग बाहेरून वेल्डरची आरोळी आली. शब्द कळले नाहीत. पण मामांनी दांडा सोडला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून ते ढसाढसा रडायला लागले, आणि कोणी तरी "डॉक्टर, इकडे, श्वास चालू आहे" असं ओरडत गेलं.

तो वाचला. पाळणा सुटला तेव्हा तो तुळईवरून खाली गेला होता आणि पट्टीच्या कडेला हातांनी लोंबकळत राहिला होता. पहिल्यांदा पाळणा वर जाताना पाळण्याच्या बुटाखाली त्याचे दोन्ही हात चेंगरले. तरीही त्याने कोपरांनी पट्टीला मिठी मारली होती. उजव्या हाताची तीन बोटं गेली. डाव्याचं काय होईल ते डॉक्टर अजून सांगत नव्हते.

तिला हे सगळं कळलं ते दवाखान्यात, त्याच्या तोंडून, तुकड्या-तुकड्यांनी. सासूबाई बाकावर झोपल्या होत्या. त्याचे दोन्ही हात बोळ्यांसारखे गुंडाळलेले, छातीवर ठेवलेले.

"पाळणा वर निघाला तेव्हा ओरडलो मी," तो म्हणाला. "वाटलं, थांबेल."

तिने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "मला माहीत होतं. एक माणूस कमी आहे हे मला आकड्यावरून कळलं होतं. मी मामांना थांबा म्हटलं नाही."

त्याने छताकडे पाहिलं. बाहेर कोणी तरी गाडा ढकलत नेला, त्याचं एक चाक किंचाळत होतं. तिला वाटलं, आता तो बोलेल आणि ते ऐकल्यावर आपल्याला इथे बसता येणार नाही. किंवा बोलणारच नाही, आणि ते त्याहून वाईट.

"आत तेरा जण होते," तो म्हणाला.

"हो."

"त्यात तो नवा वेल्डर पण होता. त्याचा परवा साखरपुडा ठरलाय म्हणे." मग त्याने विचारलं, "तुला कळलं होतं का, मीच आहे ते?"

"नाही."

"कळलं असतं तर?"

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. खोटं बोलणं सोपं होतं, दोन्ही बाजूंनी. "माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही रे मला."

त्याने मान तिच्या बाजूला वळवली. डोळे लाल होते, औषधाने किंवा कशाने.

"बरं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "नाक खाजतंय. मगापासून."

ती पुढे वाकली आणि त्याचं नाक खाजवू लागली. "वर," तो म्हणाला. "अजून वर. हां, तिथे."